रजईमागची खुंटी

देवव्रत: जमिनीवर ठेवू नकोस! वर धर. दोन्ही हातांनी धर.

स्वरदा: ठेवत नाहीये रे, गाठ बघतेय. हे आहे तरी काय?

देवव्रत: लाल कापड, आत तांब्या, वर सुतळीची गाठ. पुरोहिताच्या घरात जन्मलीस आणि मला विचारतेस?

(काशी. संकठा घाटामागच्या गल्लीतलं एक अरुंद, उभंच्या उभं घर आणि त्यातली तिसऱ्या मजल्यावरची खोली. भिंतींना जुन्या रजया ठोकल्या आणि मध्ये माइक ठेवला, की अशा खोलीला स्टुडिओ म्हणायचं असतं. स्वरदा आणि देवव्रत सख्खी भावंडं. कंपनी बहिणीची, मंत्र भावाचे. आज सकाळी एका वानराने खिडकीतून हात घालून रजई ओढली, ते पळून गेलं, आणि रजईमागची खुंटी उघडी पडली. त्या वानराला शिव्या द्याव्यात की हात जोडावेत, हे दोघांचं अजून ठरलेलं नाही.)

स्वरदा: कापडाला चिठ्ठी शिवलीय. थांब. ‘कै. सीताबाई...’ दादा.

देवव्रत: वाच पुढे.

स्वरदा: ‘कै. सीताबाई खराडे, जयसिंगपूर.’ नाही. नाही नाही. हे होऊच शकत नाही.

देवव्रत: अक्षर आईचं आहे. गाठही तिचीच.

स्वरदा: मग रिकामा असेल. विसर्जन झाल्यावर तिनं नुसता तांब्या धुऊन बांधून ठेवला असेल.

देवव्रत: तुझ्या हातात आहे. रिकामा लागतोय?

स्वरदा: नाही. दादा, आज बारा वाजता ह्यांच्याच मुलाचा एपिसोड लागतोय आपल्या पॉडकास्टवर. प्रल्हादराव खराडे. शेतीच्या पंपांचा कारखाना आहे त्यांचा. परवापासून जाहिरात फिरतेय. पुण्यापासून दुबईपर्यंत सगळ्या महाराष्ट्र मंडळांना पाठवलीय मी.

देवव्रत: जाहिरातीत काय म्हणतात ते?

स्वरदा: ऐकलीयस तू.

देवव्रत: तुझ्या तोंडून ऐकायचंय.

स्वरदा: ‘मला काशीला जाता आलं नाही. पण माझी आई गंगेत जाताना मी ह्या डोळ्यांनी पाहिली.’ तेवढंच. मग पाण्याचा आवाज आणि आपल्या कंपनीचं नाव. काशीकार्य.

देवव्रत: हे बोलताना ते कुठे होते?

स्वरदा: त्यांच्या ऑफिसात, कम्प्युटरसमोर. मी इथे, ह्याच खुर्चीत.

देवव्रत: आणि त्यांची आई?

स्वरदा: दादा, प्लीज.

देवव्रत: तुझ्या पाठीमागे. हातभर अंतरावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

स्वरदा: तुला म्हणी सुचतायत? हद्द आहे! आधी सांग, हे इथे राहिलं कसं? विधी तू केलास. ते व्हिडिओ कॉलवर होते, फोन धरून मी उभी होते. संकल्प झाला, पिंड झाले, तिलांजली झाली. मग?

देवव्रत: मग तुझं नेटवर्क गेलं. बाढ आठव जरा. घाट सगळे पाण्याखाली, मणिकर्णिकेवर चिता छतावर जळत होत्या. नावा बंद करायचा हुकूम निघालेला. आपण विधी केला तो घराच्या मागच्या पायऱ्यांवर, कारण गंगाच तिथवर आली होती. तेवढ्यात पोलिसांचा भोंगा वाजला, सगळे वर जा. विसर्जन तेवढं राहिलं. मी कलश आईच्या हातात दिला आणि तुला म्हटलं, पाणी उतरलं की नावेतून मधल्या धारेत नेऊन सोडतो. म्हटलं होतं की नाही?

स्वरदा: म्हटलं होतंस.

देवव्रत: आईनं तिच्या रीतीनं ठेवला. अस्थी जमिनीला टेकवायच्या नाहीत, देवघराच्या मजल्यावर न्यायच्या नाहीत. ही खोली तेव्हा अडगळीची होती. तिनं टांगला खुंटीला. त्याच आठवड्यात चिखलात घसरून तिचं कमरेचं हाड मोडलं, आणि आपली थोरली ताई तिला इंदूरला घेऊन गेली ती आजवर तिथेच आहे.

स्वरदा: आणि दसऱ्याला मी रजया ठोकून घेतल्या.

देवव्रत: ठोकणाऱ्याला दिसला नाही एवढा कलश?

स्वरदा: दिसला.

देवव्रत: म्हणजे?

स्वरदा: मिस्त्री म्हणाला होता, ‘दीदी, इधर कुछ टंगा है.’ मी खाली कुणाशी तरी फोनवर होते. म्हटलं, अम्मा का कुछ होगा, रहने दो, ऊपर से मार दो.

देवव्रत: ऊपर से मार दो.

स्वरदा: मला काय ठाऊक काय आहे ते! आणि तू? पाणी उतरल्यावर तू का नाही विचारलंस?

देवव्रत: विचारलं होतं. मी दरम्यान गयेला गेलो होतो, परत आल्या आल्या विचारलं. तू म्हणालीस, ‘खराड्यांचं काम झालं, व्हिडिओसुद्धा गेला.’ मला वाटलं, माझ्यामागे विश्वेशनं उरकलं असेल. चुलतभाऊ झाला तरी तोही तुझ्याच कंपनीचा गुरुजी.

स्वरदा: आणि मला वाटलं, तू जायच्या आधी केलंस.

देवव्रत: बरं. तू समजलीस मी केलं, मी समजलो विश्वेशनं केलं. इथपर्यंत ठीक, असं घरात होतं. मग व्हिडिओ कसला गेला, स्वरू? जे झालंच नाही ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं कसं?

स्वरदा: ते सारखे फोन करत होते, दादा. नेटवर्क गेल्यापासून. रडत होते. ‘झालं का? आई गेली का गंगेत?’ एवढा मोठा माणूस, लहान मुलासारखा. त्यांना काय सांगायचं होतं? वाट बघा, बाढ उतरू दे? तात्पुरता म्हणून पाठवला. खरा झाला की बदलणार होते.

देवव्रत: कुणाचा पाठवलास?

स्वरदा: आधीच्या कार्तिकातला, जुना. चेहरे नाहीत त्यात कुणाचे. नुसते हात आणि पाणी.

देवव्रत: हात कुणाचे?

स्वरदा: तुझे.

देवव्रत: वा.

स्वरदा: दादा, ऐक ना...

देवव्रत: नाही, तू ऐक. माझ्या हातांनी खोटं बोललीस तू. मला न विचारता. खोटंच बोलायचं होतं तर जीभ तरी स्वतःची वापरायचीस.

स्वरदा: मी घाबरले होते.

देवव्रत: आणि अक्कल गहाण टाकली होतीस. कार्तिकात गंगा हिरवीगार असते. बाढीत तिचा चहा होतो, दुधाचा. इथलं शेंबडं पोरसुद्धा तो व्हिडिओ बघून हसेल.

स्वरदा: इथल्या पोराला नव्हता पाठवला. जयसिंगपूरला पाठवला होता.

देवव्रत: ही तुझी सफाई?

स्वरदा: सफाई नाही! चूक आहे, माझी आहे, झालं समाधान? आता पुढचं बोल, वेळ नाहीये. मल्लाह नावा घेऊन घाटावर आत्ता मोकळे असतील. तू सोवळं नेस, कलश घे, मधल्या धारेत जा आणि राहिलंय ते पूर्ण कर. बारापर्यंत परत येशील. एपिसोड लागेल तेव्हा त्यातलं एक अक्षर खोटं उरणार नाही.

देवव्रत: एक अक्षर नाही?

स्वरदा: आई गंगेत गेलेली असेल. खरोखर.

देवव्रत: आणि ‘ह्या डोळ्यांनी पाहिली’?

स्वरदा: ते त्यांचं समाधान आहे, दादा. इतके महिने त्यांना त्याच्यावर झोप लागतेय. ते काढून घेऊन तुला काय मिळणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडून कुणाचं भलं होणार आहे? त्यांचं? तुझं? सीताबाईंचं?

देवव्रत: मी नाही जाणार.

स्वरदा: का?

देवव्रत: त्या दिवशी हातात पाणी घेऊन मी त्यांच्याकडून म्हणवून घेतलं होतं. तुमच्या वतीनं, तुमच्या देखत. मुलानं ‘करा’ म्हणायचं, मग मी करायचं. अशी रीत आहे. चोरून कुणाच्या वतीनं काही होत नाही, स्वरू. नुसती राख पाण्यात पडते.

स्वरदा: ठीक. तू नाही तर विश्वेश जाईल.

देवव्रत: लाव फोन.

स्वरदा: लावते.

देवव्रत: लाव ना. काय सांगशील त्याला? दोन प्रश्न विचारेल तो, आणि संध्याकाळच्या आत ब्रह्माघाटापर्यंतच्या प्रत्येक मराठी घरात चहाबरोबर ही गोष्ट चालेल.

स्वरदा: तुला हवंय काय? कंपनी बुडायला हवीय? मंडळांची मोठी बैठक आहे पुढच्या आठवड्यात. परदेशातल्या लोकांची सगळी कार्यं आपल्याकडे देणार आहेत ते. ह्या एपिसोडवरच ठरणार आहे. त्यांना हेच हवंय, की लांब बसलेल्या मुलाच्या मनाची खात्री पटते. हेच, दादा! प्रल्हादकाका जे बोललेत तेच!

देवव्रत: पाहुणा म्हणून बोलवायचं आणि गिऱ्हाईक म्हणून वापरायचं.

स्वरदा: त्याला मार्केटिंग म्हणतात. आजोबा गार पाण्याचा तांब्या घेऊन स्टेशनावर उभे राहायचे, दक्षिणेकडची गाडी आली की डब्याडब्यात डोकावून ‘मंडळी कुठली?’ विचारायचे. ते काय होतं? समाजसेवा?

देवव्रत: पाणी खरं असायचं.

स्वरदा: हो, पाणी खरं असायचं आणि घरातली चूल थंड असायची! विसरलास? घाटावर छत्री लावून तू बसायचास आणि यजमान शेजारच्या छत्रीखाली जायचे. मी बँकेतली नोकरी सोडून हे उभं केलं. पॉडकास्ट काढला तेव्हा सगळ्यात आधी तू हसलास. ‘पंपवाल्याचं आणि मसालेवाल्याचं कोण ऐकणार?’ अरे, मी ऐकते! त्यांचं कोणीच ऐकत नाही. बायको कंटाळलेली असते, मुलं अमेरिकेत. मी तासभर त्यांना धंदा विचारते, मन लावून ऐकते. मग त्यांच्या घरात काही झालं की त्यांना मी आठवते.

देवव्रत: काही झालं म्हणजे कोणी गेलं की.

स्वरदा: हो, कोणी गेलं की! तोच आपला धंदा आहे, सात पिढ्यांचा. मी काही नवीन पाप नाही काढलं.

देवव्रत: ओरडू नकोस. कलश आहे हातात. बस. खुर्चीवर बस, पण तो मांडीच्या वर धर. आता सांग, खराडे बोलले काय त्या एपिसोडमध्ये? सगळं सांग. जाहिरातीतलं नको.

स्वरदा: बराच वेळ पंपांचंच बोलले. ओतकाम, सबसिडी, चिनी माल. मग म्हणाले, ताई, आईबद्दल बोलू का थोडं? फाउंड्रीची माती डोक्यावरून वाहायची ती, कारखाना एका पत्र्याच्या शेडमध्ये होता तेव्हा. पुढे ह्यांनी काचेचं ऑफिस बांधलं. एकदा बाहेरगावचे साहेब आले होते, आणि ही त्याच मातकट लुगड्यात डबा घेऊन आत आली. हे म्हणाले, ‘आई, पाहुणे असले की इकडं येत जाऊ नकोस.’ परत कधीच आली नाही. कारखान्यातसुद्धा नाही. आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं म्हणाले.

देवव्रत: तू काय म्हणालीस?

स्वरदा: काही नाही. गप्प बसले. तसंच करायचं असतं. पाहुणा भरून आला की आपण मध्ये बोलायचं नाही, मग तो आणखी बोलतो. तेव्हाच म्हणाले ते वाक्य. ‘जिवंतपणी तिला आत येऊ दिलं नाही, मेल्यावर गंगेत तरी नीट पोचवली. मला काशीला जाता आलं नाही. पण माझी आई गंगेत जाताना मी ह्या डोळ्यांनी पाहिली.’

देवव्रत: आणि तू त्यातलं पुढचं तेवढं कापून जाहिरातीला लावलंस.

स्वरदा: फोन वाजतोय.

देवव्रत: कुणाचा?

स्वरदा: त्यांचाच.

देवव्रत: घे. मलाही ऐकू येऊ दे.

स्वरदा: मी काही सांगणार नाहीये, आधीच सांगते. तू मध्ये बोलायचं नाहीस. हॅलो? नमस्कार काका.

प्रल्हादराव: नमस्कार, नमस्कार! खराडे बोलतोय. बाराच ना हो नक्की?

स्वरदा: हो... म्हणजे, थोडं मागंपुढं होईल कदाचित. आवाजात जरा दोष निघालाय.

प्रल्हादराव: मागंपुढं नका करू ताई. जेवायच्या सुट्टीत सगळ्या माणसांना शेडमध्ये बसवणाराय मी. भोंगा लावलाय, पेढे सांगितलेत. आणि ऐका, अक्का आलीय.

स्वरदा: अक्का कोण?

प्रल्हादराव: माझी थोरली बहीण, मिरजेची. तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. बोलणं टाकलं होतं तिनं माझ्याशी. ‘ऑर्डरी सोडवंनात म्हणून आईचं पार्सल केलंस,’ म्हणाली. ‘व्हिडिओवर कुठं अस्थी जातात का? फसवलं तुला त्या काशीकरांनी.’ तेव्हापासून उंबऱ्याला पाय लावला नव्हता तिनं. परवा कुणाच्या तरी मोबाइलवर तुमची जाहिरात ऐकली, आणि आज पहिल्या एसटीनं दारात हजर. म्हणाली, ‘तू डोळ्यांनी बघितलंस म्हणतोस, तर माझंच चुकलं.’ हात जोडले हो तिनं मला. थोरल्या बहिणीनं! म्हणून म्हटलं, तेवढा काचेच्या हापिसाचा भाग कापू नका. लाज वाटली तरी राहू द्या. अक्कासमोर एकदा वाजू दे. हॅलो? ऐकताय ना?

स्वरदा: ऐकतेय.

देवव्रत: स्वरू.

प्रल्हादराव: कोण, गुरुजी का? गुरुजी, नमस्कार करतो. तुमचे हात तर पाठ झालेत मला. रोज निजायच्या आधी तो व्हिडिओ एकदा बघतो, मग पडतो.

देवव्रत: नमस्कार, प्रल्हादराव.

स्वरदा: काका, अक्का आत्ता जवळ आहेत?

प्रल्हादराव: बाहेर हाय, पेढ्याची खोकी मोजतीय. देऊ का?

स्वरदा: नको. तुम्ही दार लावून घ्या, आणि बसा. बसलात?

प्रल्हादराव: बसलो. काय झालं हो?

स्वरदा: एपिसोड आज लागणार नाही. आवाजात दोष नाहीये, ते मी खोटं सांगितलं. काका, तुम्हाला पाठवलेला व्हिडिओ तुमच्या आईचा नव्हता. जुना होता, दुसऱ्याच कुणाचा. तुम्ही त्या दिवशी सारखे फोन करत होतात, आणि मी तो पाठवला. गुरुजींना ह्यातलं काही माहीत नव्हतं.

प्रल्हादराव: म्हणजे खरा काढायचा राहिला होता?

स्वरदा: विसर्जनच राहिलं होतं. बाढीत नावा बंद होत्या. नंतर करायचं होतं, आणि मला वाटलं दादानं केलं, त्याला वाटलं दुसऱ्यानं केलं. कुणीच केलं नाही. कलश आज सकाळी सापडला. आत्ता माझ्या हातात आहे.

प्रल्हादराव: पाणी लई नितळ होतं.

स्वरदा: काय?

प्रल्हादराव: व्हिडिओत. आम्ही कृष्णाकाठची माणसं हो. पुराचं पाणी कसं असतं ते आम्हाला शिकवायला नको. टीव्हीवर तुमच्याकडचा पूर दाखवत होते, आणि तुमच्या व्हिडिओत पाणी नितळ. मला तेव्हाच खटकलं होतं. मग म्हटलं, गंगा हाय. तिचं वेगळं असंल. आपण कोण शंका घेणार.

देवव्रत: प्रल्हादराव, दोष माझाही आहे. मी एकदा विचारून थांबलो, तिथे खोदून...

प्रल्हादराव: तुम्ही थांबा, गुरुजी. मला ह्यांच्याशी बोलायचंय. ताई, मला कोण सांगायला येणार होतं? गुपचूप सोडून मोकळ्या झाला असता. मला जन्मात कळलं नसतं. मग सांगितलं कशाला?

स्वरदा: अक्कांनी तुम्हाला हात जोडले म्हणालात. त्याआधी नव्हतेच सांगणार. तेही खरं सांगते.

प्रल्हादराव: आता मी बाहेर जाऊन काय तोंड दाखवू? सांगा की. तुम्ही बोलायच्या धंद्यातल्या. दार उघडून तिला काय बोलू मी?

स्वरदा: फोन त्यांच्याकडे द्या. तुम्ही खोटं बोलला नाहीत. मी बोलले. मीच सांगते त्यांना.

प्रल्हादराव: नको. माझी बहीण हाय, माझं मी बघतो. कुठं होती आई एवढे दिवस?

स्वरदा: आमच्या घरातच. जमिनीवर ठेवत नाहीत म्हणून माझ्या आईनं खुंटीला टांगलं होतं. आवाज घुमू नये म्हणून मी त्या भिंतीला रजया ठोकल्या, त्यांच्यामागं राहून गेलं. ह्याच खोलीत.

प्रल्हादराव: ह्याच म्हणजे? जिथनं आपण बोललो?

स्वरदा: हो. माझ्या पाठीशी.

प्रल्हादराव: मी काचेच्या हापिसाचं सांगितलं, तेव्हासुद्धा?

स्वरदा: तेव्हासुद्धा. तुमचा आवाज स्पीकरवर होता.

प्रल्हादराव: मग ऐकलं म्हणायचं तिनं.

स्वरदा: काका, मला माफ...

प्रल्हादराव: नाही. ते मागू नका, ते व्हायचं नाही माझ्याच्यानं. आणि अक्काची जीभ तुम्हाला अजून ठाऊक नाही. ती तुमच्या दारात उभी राहून गल्ली गोळा करील, आणि मी तिला आवरणार नाही. आम्ही दोघं निघतो. मिळंल त्या गाडीनं, मिळंल त्या विमानानं. ह्या खेपेला हात माझे. मोबाइल नाही, व्हिडिओ नाही. गुरुजी, तुम्ही फक्त मंत्र सांगायचे.

देवव्रत: सांगेन. तुम्ही याल तेव्हा घाटावर उभा असेन.

स्वरदा: एपिसोड मी काढून टाकते. जाहिरातही, आत्ताच्या आत्ता.

प्रल्हादराव: नुसती गुपचूप काढू नका. का काढली ते बोला. तुमचेच व्हिडिओ बघून निजणारे आणखी कोण कोण असतील.

स्वरदा: बोलले तर कंपनी राहायची नाही, काका.

प्रल्हादराव: न राहू दे. का, बोलणार नाही?

स्वरदा: बोलेन.

प्रल्हादराव: बघू. आणि एक. आम्ही येईपर्यंत तिला परत त्या खुंटीला एकटीला टांगू नका. कुणीतरी जवळ बसा.

स्वरदा: मी बसते.

प्रल्हादराव: आणि गप्प बसू नका. गप्प माणसं तिला सोसायची नाहीत. काहीबाही बोलत राहा तिच्याशी. ठेवतो.

देवव्रत: ठेवला त्यांनी.

स्वरदा: हं.

देवव्रत: आण इकडे. केव्हाची धरून बसलीयस, हात भरून आले असतील.

स्वरदा: नको. मांडीवर घेते.

देवव्रत: मांडीवर? आंघोळ करावी लागेल नंतर.

स्वरदा: करीन.

देवव्रत: बरं. मी खाली जाऊन इंदूरला ताईला फोन लावतो, आईलाही सांगायला हवं. तू काय बोलणार त्यांच्याशी?

स्वरदा: माहीत नाही. दादा, जाताना तो माइक घेऊन जा बाहेर.